ग्रंथालय आणि माहितीशास्त्र: विद्यापीठातलं शिक्षण व संशोधन (भारत)

बोलण्यात लायब्ररी सायन्स, डिग्र्या बी.लिब., एम.लिब. आणि पुढे पीएच.डी. भारतात याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बडोद्याच्या बाजूचे १९११ सांगतात. सयाजीराव गायकवाडांना संस्थानात गावोगावी लायब्ररी काढायच्या होत्या, चालवायला माणसं नव्हती, म्हणून अमेरिकेहून आणलेल्या विल्यम बोर्डननी तिथंच ट्रेनिंग क्लास सुरू केला. पण तो संस्थानाचा क्लास, बडोद्यात तेव्हा विद्यापीठच नव्हतं. लाहोरला १९१५ मध्ये पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन लायब्रेरियनने कोर्स घेतला, त्यामुळे विद्यापीठ हा निकष लावला तर लाहोरचंच पारडं जड वाटतं. मद्रासचा दावा वेगळा आहे: १९२९ ला लायब्ररी असोसिएशनची उन्हाळी शाळा, शिकवायला स्वतः एस. आर. रंगनाथन (भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जातात ते), १९३१ ला ती विद्यापीठाकडे गेली आणि १९३७ पासून पदवीनंतरचा वर्षभराचा डिप्लोमा झाला. पहिला नसेल, पण आजच्या बी.लिब.चा साचा याच्याच जास्त जवळचा.

मुंबई विद्यापीठाचा डिप्लोमा साधारण १९४३-४४ चा, नागपूर-पुण्याचे १९५० च्या दशकातले. पहिली पीएच.डी. दिल्लीची, १९५७ च्या सुमारास, रंगनाथन यांच्या हाताखाली डी. बी. कृष्णराव यांची, विषय शेतीचं वर्गीकरण. दुसरी यायला १९७७ उजाडलं असं सहसा सांगतात, म्हणजे मध्ये वीस वर्षं शिकवणं जोरात आणि संशोधन जवळपास ठप्प.

वर्गीकरणाच्या (पुस्तकाला विषयानुसार नंबर देण्याच्या) प्रॅक्टिकलला पुस्तकांची शीर्षकं देतात आणि नंबर काढायला लावतात. ड्यूई या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कविता ८९१.४६१, कादंबरी-कथा ८९१.४६३, इथपर्यंत सोपं. रंगनाथन यांच्या कोलन वर्गीकरण पद्धतीत (१९३३) मात्र तयार नंबर शोधून भागत नाही, विषय फोडून व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काळ या क्रमाने जोडत जावं लागतं आणि एक चिन्ह चुकलं की सगळं गेलं. प्रत्यक्षात कोलन वापरणाऱ्या लायब्रऱ्या थोड्याच, तरी अभ्यासक्रमातून ते निघालेलं नाही, आणि निघू नये असंच वाटतं, कारण विषयाची चिरफाड करायला तेच शिकवतं. बाकी कॅटलॉगिंग, मार्क २१ (पुस्तकांच्या नोंदींचा संगणकीय साचा), कोहा आणि सोल (लायब्ररीची सॉफ्टवेअर्स) वगैरे नेहमीचं.

संशोधनात ग्रंथमितीला, म्हणजे लेख-नियतकालिकांची मोजणी करून काढलेल्या निष्कर्षांना, मोठा मान. ब्रॅडफर्ड या ब्रिटिश ग्रंथपालाने १९३४ मध्ये दाखवलं की एखाद्या विषयावरचे लेख मोजले तर एक तृतीयांश मूठभर नियतकालिकांतच सापडतात, पुढच्या तितक्याच लेखांसाठी कितीतरी जास्त नियतकालिकं चाळावी लागतात, त्यापुढच्यांसाठी त्याहूनही कैक पटींनी. कुठली जर्नल्स घ्यायची आणि कुठली बंद करायची हे ठरवताना हा हिशोब खरंच कामाला येतो. दुसरा आवडता प्रकार म्हणजे वाचक सर्वेक्षण: एक कॉलेज, एक प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, आणि बरेच प्रबंध एकमेकांसारखेच. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात प्रबंध खुले झाल्यापासून हे साम्य कुणालाही तपासता येतं.