‘रिंगा रिंगा रोझेस’ आणि प्लेगची दंतकथा
प्राथमिक वर्गात इंग्रजीच्या तासाला फेर धरून खेळले जाणारे ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे लंडनमधील १६६५ च्या प्लेगचे गाणे असल्याचा समज निराधार आहे. या गाण्याचे छापील इंग्रजी उल्लेख एकोणिसाव्या शतकातले असून, १८८१ मध्ये ते लंडनच्या एका बालगीतसंग्रहात आले. प्लेगचा अर्थ तर दुसऱ्या महायुद्धानंतरच रूढ झाला. या अर्थात गाण्यातली ‘अ-टिशू’ ही शिंक रोगाचे लक्षण आणि शेवटचे खाली पडणे म्हणजे मृत्यू मानतात; पण शिंक हे गाठीच्या प्लेगचे ठळक लक्षण नव्हे, आणि कित्येक जुन्या पाठांत शिंकच नाही, शेवटी नुसते वाकायचे किंवा बसायचे असते. या ऐकीव कथेपायी असा खेळ वर्गाबाहेर काढणे मला मुलांवर अन्यायाचे वाटते, कारण ‘ऑल फॉल डाउन’ म्हणत पहिलीची मुले धपकन खाली बसतात, तेव्हा ‘डाउन’चा अर्थ भाषांतराविना त्यांच्या अंगवळणी पडतो.