पत्रातली दुसरी ओळ आधी वाचा
(बिझनेसच्या ऑफर्स घेऊन आमच्याकडे येणाऱ्या पालकांसाठी)

मार्चचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या फोनवर एकाच छापाचे निरोप यायला लागतात. "तीन ठिकाणी झालंय, तिन्हीकडे बिझनेस. कुठे पाठवू?" सोबत कॉलेजच्या प्रवेश-पोर्टलच्या पानाचा फोटो, तोही वरचा अर्धाच: अभिनंदन, रंगीत कागदांची उधळण, खाली मुलाचं नाव. आनंद खरा असतो आणि तो आम्हालाही होतो. पण त्या अर्ध्या फोटोवरून आम्ही काही सांगू शकत नाही. तसं कळवलं की पलीकडचा आवाज थोडा बदलतो. "एवढं साधं विचारलं तर..."

म्हणून हे पत्रक. आम्ही कॉलेज प्रवेशाचे कौन्सेलर, आणि आमचे ग्राहक बहुतेक अमेरिकेतच राहणारे मराठी आईबाप. फाफ्सा, एपी, जीपीए हे शब्द तुमच्या घरात रोज वाजतात, ते इथे पुन्हा उगाळत नाही.

दार कुठलं उघडलंय?

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ एका गैरसमजात जातो. विद्यापीठात प्रवेश मिळणं वेगळं आणि त्या विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळणं वेगळं. अभिनंदनाच्या खाली एक दुसरी ओळ असते, साध्या अक्षरात, आणि खरी ऑफर तीच. तिथे बिझनेस स्कूलचं नाव आहे, की 'प्री-बिझनेस' लिहिलंय, की 'एक्सप्लोरेटरी', म्हणजे मुख्य विषय अजून न ठरलेला?

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं व्हॉर्टन घ्या. १८८१ सालचं, या देशातलं विद्यापीठाच्या छत्राखालचं पहिलं बिझनेस स्कूल. तिथे पहिल्या वर्षी निवड झाली की मूल व्हॉर्टनचंच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्नमध्येही तसंच. उलट व्हर्जिनिया विद्यापीठात मॅकइन्टायरमध्ये जायचं तर तिथे पोचल्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फॉस्टरला दोन्ही वाटा आहेत: काहींना थेट घेतात, बाकीच्यांनी आधी ठरावीक कोर्स करायचे आणि मग रांगेत उभं राहायचं. एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीतल्या दोन मुलांची ऑफर अशी वेगवेगळी असू शकते.

त्यात नियम बदलत राहतात. बर्कलीच्या हासमध्ये वर्षानुवर्षं मुलं दुसऱ्या वर्षी अर्ज करायची. आता तिथे चार वर्षांचा कार्यक्रम आहे आणि त्याची पहिली तुकडी २०२४ च्या फॉलमध्ये दाखल झाली. त्यामुळे मावसभावाने सहा वर्षांपूर्वी काय केलं, हे गणेशोत्सवाच्या पंगतीत ऐकायला छान, निर्णयाला निरुपयोगी.

'प्री-बिझनेस'मधला 'प्री' पालकांना नेहमी फसवतो. आधी प्री, मग आपोआप बिझनेस, असा जिना डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो वेटिंग रूमचा पास असतो. कॅल्क्युलस, मायक्रोइकॉनॉमिक्स, फायनान्शियल अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, एवढं करायचं आणि मग अर्ज. वेबसाइटवर "किमान जीपीए अमुक" असं असतं. किमान म्हणजे अर्ज करायची परवानगी. जागा मिळणाऱ्यांचा जीपीए त्याच्या बराच वर असू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी या कोर्सना मार्क कर्व्हवर मिळतात. म्हणजे तुमच्या मुलीची स्पर्धा त्याच जागेसाठी आलेल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाशी.

आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलीला दोन ऑफर्स. एक मोठ्या नावाची, दुसरी दोन पायऱ्या खालची, पण थेट बिझनेस स्कूलची आणि खर्चाने कमी. बाबांनी जागा पक्की करायचं डिपॉझिट भरून टाकलं आणि मग आमच्याकडे आले, "आता कोर्स कुठले घ्यायचे ते सांगा" म्हणून. पत्र उघडलं तर मोठ्या नावाची ऑफर प्री-बिझनेस होती. दुसऱ्या वर्षी आतला अर्ज नाकारला गेला. मुलगी इकॉनॉमिक्स शिकली, चांगली शिकली, आणि तिची काही तक्रार नाही. बाबांची आहे, आणि काय गंमत, ती आमच्याबद्दल आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इकॉनॉमिक्स म्हणजे नापास होणं नव्हे. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल इथे पदवीला बिझनेस हा मेजरच (मुख्य विषयच) नाही. यूसीएलएमध्ये आहे ते 'बिझनेस इकॉनॉमिक्स'. तिथली मुलं बँकांत आणि कन्सल्टिंगमध्ये जातातच. कुठल्या दारातून आत जातोय ते माहीत असताना गेलं, तर वाईट काही नाही.

वेळेचा घोळही लक्षात घ्या. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप दुसऱ्या वर्षातच ठरवायला लागतात. ज्या ठिकाणी बिझनेस स्कूलचा आतला निकाल दुसऱ्या वर्षी लागतो, तिथे मूल एकाच सेमिस्टरला अर्जही करतंय, मुलाखतीही देतंय, आणि आपण नक्की कुठले विद्यार्थी हे अजून त्यालाच ठाऊक नाही. मुलाला बँकिंग नकोच असेल, मार्केटिंग किंवा अकाउंटिंग हवं असेल, तर ही अडचण पुष्कळ हलकी होते. म्हणून दुसरी ओळ वाचल्यावर लगेच, बिझनेसमधलं नेमकं काय, हे विचारावं लागतं.

पत्रावरून उलगडा झाला नाही तर ॲडमिशन ऑफिसला मेल करा. म्हणजे मुलाने करायची, तुम्ही नाही. त्यात विचारायचं एवढंच: मागच्या वर्षी आतून किती जणांनी अर्ज केला, किती जणांना घेतलं, आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना कुठले मेजर उघडे राहिले. गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा आणि आमच्याकडे येताना छापून आणा.

रँकिंगबद्दल थोडक्यात

यूएस न्यूज या प्रकाशनाची पदवीच्या बिझनेस कार्यक्रमांची यादी बिझनेस स्कूलांचे डीन आणि ज्येष्ठ प्राध्यापक एकमेकांच्या संस्थांना जे गुण देतात त्यावरच बनते. पगार, नोकऱ्या, वर्गातली मुलं यांतलं काही त्यात मोजलेलं नसतं. अकराव्या आणि अठराव्या क्रमांकातला फरक घेऊन आमच्याकडे भांडायला येऊ नका. बिझनेस स्कूलांना मान्यता देणाऱ्या एएसीएसबी या संस्थेची मान्यता आहे का तेवढं पाहा, आणि शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवर त्या मेजरच्या पदवीधरांची कमाई बघा. त्यात सरकारी मदत घेतलेलेच विद्यार्थी धरलेले असतात, हे विसरू नका.

स्कॉलरशिपचा आकडा खाली ठेवा

"तिथे पंचवीस हजार देताहेत, इथे काहीच नाही." बरं. समजा पहिलीकडचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलर आणि तुमच्या राज्यातल्या विद्यापीठाचा ३५,०००. पंचवीस वजा केले तरी पहिलीकडे ५५,००० उरतात, म्हणजे चार वर्षांत ८०,००० डॉलर जास्त. हे गणित चौथीचं आहे, पण कौतुकाच्या पत्रापुढे भलेभले ते विसरतात. सॉफ्टवेअरवाले जास्तच.

मदतीच्या पत्रात कर्जही 'मदत' म्हणूनच छापलेलं असतं. पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरचं सरकारी विद्यार्थी कर्ज आणि वर्क-स्टडी हे दोन आकडे पेनने खोडा आणि मग बेरीज करा. पहिलं फेडायचंय, दुसरं मुलाने काम करून कमवायचंय. 'पेरेंट प्लस'च्या, म्हणजे पालकांच्या नावावर मिळणाऱ्या सरकारी कर्जाच्या, भरवशावर असाल तर १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा आहे.

स्कॉलरशिप टिकवायला जीपीएची अट किती, तेही पाहा. कर्व्हवर मार्क देणाऱ्या कोर्समध्ये ३.५ राखणं बारावीतल्या ३.९ इतकं सोपं नसतं. शिवाय इलिनॉयसारख्या काही विद्यापीठांत बिझनेसच्या मुलांची फी बाकीच्यांपेक्षा जास्त असते. मुख्य पानावर सरासरी आकडा असतो, खरा आकडा कॉलेजनिहाय तक्त्यात शोधावा लागतो. ऑफर्सची तुलना करायच्या आमच्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना आहे आणि तो आम्हीच भरून देतो.

घरात अजून एच-४ असेल तर

एच-४ म्हणजे एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. हा विषय शेजारच्या अमेरिकन कौन्सेलरकडे सहसा निघत नाही. आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत निघतो. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर २१ वर्षं पूर्ण झाली की मुलाचं एच-४ संपतं, आणि तो दिवस बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. एच-४ वर असताना पगारी इंटर्नशिप करता येत नाही. केंद्र सरकारची आर्थिक मदतही मिळत नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेल्यावर सर्वसाधारणपणे एक शैक्षणिक वर्ष झालं की अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करता येतं. बिझनेसच्या मुलाला उन्हाळ्याची इंटर्नशिप म्हणजे अर्धी पदवी, त्यामुळे एफ-१ कधी घ्यायचं हा प्रश्न आणि ऑफर निवडण्याचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

दुसरं, पदवीनंतरचं ओपीटी, म्हणजे एफ-१ वरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांचं, पदवी स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातली) असेल तर आणखी २४. स्टेम आहे की नाही हे पदवीच्या नावावरून ठरत नाही, सीआयपी कोडवरून, म्हणजे शिक्षण खात्याच्या अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणातल्या क्रमांकावरून, ठरतं. सर्वसाधारण बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा कोड ५२.०२०१, तो स्टेममध्ये नाही. मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१, तो आहे. दोन ऑफर्समधला सगळ्यात मोठा फरक कधी कधी एवढाच असतो. कोड आम्ही शोधून देतो. व्हिसाचा सल्ला मात्र वकिलाचाच घ्या. आम्ही तो देत नाही, आणि कुणी कौन्सेलर देत असेल तर सांभाळून.

वीस मिनिटं तुम्ही बाहेर

भेटीतली पहिली वीस मिनिटं आम्ही मुलाशी एकट्याशी बोलतो. याचा काहींना राग येतो. "पैसे आम्ही भरतो आणि आम्हीच बाहेर?" हो. आईबाप समोर असले की सतरा वर्षांचा मुलगा "फायनान्स" म्हणतो आणि गप्प बसतो. एकटा असला की आम्ही त्याच्यापुढे तिन्ही कॉलेजांच्या पहिल्या दोन वर्षांच्या कोर्सची यादी ठेवतो आणि तो कुठल्या पानावर रेंगाळतो ते बघतो. त्यानंतर तुम्ही आत या आणि पुढचा सगळा वेळ तुमचा.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: अर्धवट कागद घेऊन आलात तर आम्ही तारीख पुढे का ढकलतो आणि तिचे वेगळे पैसे का घेतो? कारण मग तो तास पोर्टलचा पासवर्ड आठवण्यात जातो आणि एप्रिलमध्ये त्या तासासाठी दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. आम्ही कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे आमची कमाई तुमच्या फीवरच आहे. फुकट सल्ला देणारे बरेच आहेत. त्यांना पैसे कोण देतं, तेवढं एकदा विचारून घ्या.

डिपॉझिटची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे. ते सहसा परत मिळत नाही. दोन ठिकाणी भरून ठेवण्याचा सल्ला आम्ही देत नाही. कॉलेजांच्या लक्षात आलं तर दोन्ही जागा हातच्या जाऊ शकतात. आर्थिक मदत वाढवून मागायची असेल तर कॉलेजला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून १५ एप्रिलच्या आत या. २५ नंतर आलात तरी पाहू, पण तेव्हा आमच्याकडे उरतो तो फक्त तक्ता, वाटाघाटीला वेळ नसतो. धाकटं भावंड दहावी-अकरावीत असेल तर त्यालाही बसवा. त्याची वेगळी फी नाही, आणि अर्ज भरतानाच दुसरी ओळ वाचायची सवय लागली तर दोन वर्षांनी आपली भेट अर्ध्या वेळात उरकेल.

येताना प्रत्येक कॉलेजचं पूर्ण पत्र, मदतीचं पत्र, आतल्या प्रवेशाबद्दलची मेल आली असेल तर ती, आणि एच-४ असेल तर आय-९४ ची (देशात आल्याच्या सरकारी नोंदीची) प्रत, एवढं छापून आणा. फोनवरचे फोटो नकोत. आणि मुलाचा पोर्टलचा पासवर्ड तुम्ही पाठ करून येऊ नका, लॉगिन त्यालाच करू द्या.