नवेगाव बांध

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील विस्तीर्ण तलाव, त्याच्या काठचे गाव आणि लगतचे राष्ट्रीय उद्यान. नागपूर, भंडारा आणि गोंदियाकडच्या कुटुंबांची ही जुनी सहलीची जागा. नागपूर-भंडाऱ्याकडून शनिवारी सकाळी साकोलीमार्गे निघाले की रविवारी रात्री घरी परतता येते. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे देवलगाव स्थानकही जवळ आहे.

हा तलाव माणसांनी बांधलेला आहे, आणि येथे येणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी जाणून घ्यावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवून तो उभा केला. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौ. किमी. भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. बांधकामात त्या कोलूच्या मदतीला धावल्या, अशी लोकांची श्रद्धा. पुढे कोलू पाटलांनाच लोकांनी कोलासूर देव मानले, आणि त्यांचे ठाणे यांपैकीच एका टेकडीवर आहे. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख पूर्व विदर्भातल्या हजारो मामा (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदारांकडे असलेल्या) तलावांचा आहे. कोहळी शेतकऱ्यांनी पाळ, सांडवा आणि तुडूम (तलावातून शेताला पाणी सोडण्याची मोरी) यांच्या जोरावर इथला धान पिकवला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे गेले; गाळ काढण्याची गावकीची रीत त्यानंतर बरीच ढिली पडली.

तलावात मालडोंगरी नावाचे बेट आहे. हिवाळ्यात आसपासच्या पाण्यावर चक्रवाक, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. पाळीवर उन्हे येण्याआधी पोहोचावे. कमळाच्या पानांवरून लांबलांब बोटे टाकत चालणारा कमळपक्षी तेव्हा अगदी जवळून दिसतो. पान दबते, कडेने पाणी वर येते, तोवर तो पुढच्या पानावर गेलेला असतो. ढीवर समाजाचे लोक डोंग्यातून जाळी टाकतात, काही तलावांत शिंगाडाही लावतात. पाण्याकाठी फोफावणाऱ्या बेशरम या तणाची झुडपे माजली की मासे आणि पाखरे दोघांचीही जागा आकसते. त्यामुळे तलावाची निगा हा ढीवरांच्या पोटाचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३४ चौ. किमी. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही वने मिळून नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. कान्हा आणि ताडोबा यांच्यामधला वाघांचा रस्ता याच जंगलातून जातो, आणि त्याला मुंबई–कोलकाता महामार्ग आडवा येतो. बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्री, सांबर, चितळ येथे आहेत. वाघ दिसलाच पाहिजे या हट्टाने येणाऱ्याने ताडोब्याला जावे. येथे दोन दिवसांतली एक सकाळ जंगलाच्या फेरीला द्यावी आणि दुसरी तलावाला. जुलै ते सप्टेंबर जंगलातील पर्यटन बंद असते. पक्षी आणि प्राण्यांवर मराठीत मनापासून लिहिणारे मारुती चितमपल्ली येथे वनाधिकारी होते, ही ओळख या गावाला अजून पुरते.

सारस मात्र जंगलात शोधू नये. महाराष्ट्रात उरलेले सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आहेत आणि ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) किंवा तलावाच्या कडेला घरटे करतात. बांधीत अंडी दिसली की तेवढा तुकडा न छेडता सोडणारे शेतकरी येथे आहेत, आणि पक्षी टिकला तो त्यांच्यामुळे. पाहणाऱ्याने धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच पाहावे. फोटोसाठी बांधीत उतरल्यास धानही तुडवला जातो आणि जोडीही घरटे सोडून उठते.

जवळच इटियाडोह धरण, महाशिवरात्रीच्या यात्रेचे प्रतापगड आणि गोठणगावची तिबेटी वसाहत आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा भरते आणि झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची) नाटके रंगतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. त्यामुळे ज्याला ते पाहायचे असेल त्याने दुसऱ्या दिवशी जंगलाची दुपारची फेरी घ्यावी.