खाणीतल्या हवेला वाट दाखवणाऱ्या भिंती

भूमिगत कोळसा खाणीच्या वायुवीजनाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर बसवलेला प्रचंड पंखा येतो. त्याची देखभाल जिवापाड केली जाते, त्याच्या दाबाची आणि बेअरिंगच्या तापमानाची नोंद सतत ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण पंखा बंद पडला तर वीज तोडून माणसांना बाहेर काढावे लागते. मात्र पंख्याच्या हाती दाबाचा फरक निर्माण करण्यापलीकडे काही नसते. त्या फरकामुळे वाहणारी हवा कोळसा फोडणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचेल की वाटेतच परत फिरेल, हे खाणीच्या आत बांधलेल्या भिंती, दारे आणि पडदे ठरवतात. वायुवीजनाची खरी गुणवत्ता या साध्या बांधकामांत असते आणि दुर्लक्षही नेमके त्यांच्याचकडे होते, असे माझे मत आहे.

खाणीत हवा खेळवण्याची गरज श्वासापुरती नसते. कोळशाच्या थरातून मिथेन सतत सुटत असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पडताच स्फोट होतो, आणि ९ ते १० टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत तीव्र असतो. त्यामुळे मिथेन साचू न देता तो सुटताच भरपूर हवेत विरळ करून वाहून नेणे, हे वायुवीजनाचे पहिले काम ठरते. धूळ, उष्णता आणि यंत्रांचा धूर यांची विल्हेवाटही हीच हवा लावते.

आता खाणीची रचना पाहू. कोळशाच्या थरात दोन किंवा अधिक गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, समांतर खोदत नेतात. एकीतून ताजी हवा आत जाते, तिला इनटेक म्हणतात. दुसरीतून वापरलेली हवा परत येते, ती रिटर्न. या दोघींना ठरावीक अंतरांवर आडव्या गॅलऱ्या जोडतात. काम पुढे सरकले आणि पुढची आडवी गॅलरी खुली झाली की मागची प्रत्येक आडवी गॅलरी हवेसाठी जवळची पळवाट होऊन बसते. हवा नेहमी कमी अवरोधाच्या वाटेने जाते, म्हणून ही प्रत्येक पळवाट भिंत घालून बंद करावी लागते. या भिंतीला खाणकामगार स्टॉपिंग म्हणतात. काही किलोमीटर पसरलेल्या खाणीत स्टॉपिंगांची संख्या सहज शेकड्यांत जाते, आणि पंख्याने ओढलेल्या हवेपैकी निम्मीही प्रत्यक्ष कामाच्या जागी पोहोचत नाही, अशा खाणी दुर्मीळ नाहीत.

पळणाऱ्या हवेची भरपाई मोठा पंखा लावून करता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण खाणीतला हवेचा प्रवाह वाढवायचा तर त्यासाठी लागणारा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जॉन ॲटकिन्सन या इंग्रज खाण अभियंत्याने १८५४ मध्ये मांडलेले हे समीकरण आजही वापरात आहे. दाब वर्गाच्या प्रमाणात आणि प्रवाह स्वतः एकपट, म्हणून लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. हवा १० टक्क्यांनी वाढवायला सुमारे ३३ टक्के जास्त वीज लागते. दुप्पट करायला आठपट. त्यातही वाढलेला दाब गळक्या स्टॉपिंगांमधून आणखी हवा ढकलतो. भोके पडलेल्या नळीने पाणी ओढण्यासाठी जोर वाढवत राहावे, तसा हा प्रकार आहे. भिंत दुरुस्त करण्याचा खर्च त्या विजेच्या तुलनेत नगण्य असतो.

चांगले स्टॉपिंग बांधायला कौशल्य लागते. गवंडी पहिली वीट ठेवण्याआधी छत, तळ आणि दोन्ही बाजूंचा सैल, भुसभुशीत कोळसा टणक भाग लागेपर्यंत खोदून काढतो आणि चारही बाजूंनी खाच तयार करतो. भिंत या खाचेत रुतली पाहिजे. नुसती दोन बाजूंच्या मधे उभी केलेली भिंत कितीही जाड असली तरी हवा तिला वळसा घालून कोळशाच्या भेगांतून निघून जाते. मग विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे सांधे भरून रचतात, छताशी उरलेली फट घट्ट भरतात आणि जास्त दाबाच्या बाजूने गिलावा करतात. त्या बाजूने केलेला गिलावा हवेच्या दाबाने भिंतीला चिकटून राहतो, उलट बाजूने केलेला सुटू पाहतो. गिलावा आजूबाजूच्या कोळशावरही हातभर पुढे न्यावा लागतो, कारण गळती बहुधा कडेनेच होते. शेवटी चुन्याची सफेदी दिली की दिव्याच्या उजेडात नवी भेग लगेच नजरेस पडते.

अडचण अशी की खाण स्थिर नसते. वरच्या खडकाचे वजन आधारासाठी न खोदता सोडलेल्या कोळशाच्या खांबांवर येते, छत खाली सरकते, तळ वर फुगतो आणि मधे उभी असलेली ताठ भिंत चेचली जाते. जिथे हालचाल जास्त, तिथे दाबाखाली थोडे दबणारे हलके ठोकळे किंवा एकमेकांत सरकणारे पोलादी पत्रे वापरतात. तरीही कोणतेही स्टॉपिंग एकदा बांधून कायमचे निर्धास्त होता येत नाही. पंख्याचा दाब सर्वांत जास्त जाणवतो तो शाफ्टजवळच्या, म्हणजे जमिनीवरून खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीजवळच्या स्टॉपिंगांवर. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या भेगेतून तिथे सर्वांत जास्त हवा निसटते. पण हीच स्टॉपिंगे सर्वांत जुनी, कामाच्या जागेपासून सर्वांत लांब आणि म्हणून सर्वांत कमी पाहिली जाणारी असतात. हवा कमी पडू लागली की लोक कामाच्या जागेजवळचे पडदे ताणून बांधू लागतात. शोधाला सुरुवात मात्र शाफ्टच्या पायथ्यापासून व्हायला हवी. तपासणीचे साधन साधे आहे. रासायनिक धुराची छोटी नळी भिंतीच्या कडेकडेने फिरवायची. धुराची रेघ जिथे आत ओढली जाते, तिथे फट आहे.

माणसांना आणि मालाला इनटेकमधून रिटर्नमध्ये जावे लागते, तिथे दार बसवतात. दारावरचा दाब ऐकायला क्षुल्लक वाटतो. समजा तो ८०० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि दार २ मीटर रुंद व २.५ मीटर उंच आहे. अशा दारावर एकूण ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलो वजनाइतका जोर असतो आणि बिजागरीच्या विरुद्ध कडेला धरून ते उघडायला त्याच्या निम्मा जोर लागतो. म्हणूनच अशा दारात दाब समान करण्यासाठी लहान झडप ठेवतात. दार जास्त दाबाच्या बाजूला उघडेल असे आणि चौकट किंचित कललेली ठेवून बसवतात, म्हणजे हात सुटताच ते वजनाने आणि दाबाने आपोआप मिटते. शिवाय एक दार कधीच पुरेसे नसते. दोन दारे अशा अंतरावर लावतात की जाणारी संपूर्ण गाडी त्यांच्यामध्ये मावेल आणि कोणत्याही क्षणी किमान एक दार बंद असेल. दोन्ही एकदम उघडी राहिली तर पुढच्या सगळ्या भागाची हवा तिथूनच परत फिरते.

या दारांना एक वेदनादायक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या खाणींत ही दारे उघडण्या-मिटण्यासाठी लहान मुले बसवली जात, त्यांतली काही पाच-सहा वर्षांची असत. ती दिवसाचे कित्येक तास अंधारात एकटी दोरी धरून बसत आणि शेकडो माणसांची हवा त्यांच्या जागे राहण्यावर अवलंबून असे. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सर्व स्त्रिया व मुलींना भूमिगत कामाची बंदी झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, १६ जानेवारी १८६२ रोजी, इंग्लंडमधल्या हार्टली खाणीत पंपाच्या इंजिनाची अजस्र तुळई मोडून शाफ्टमध्ये कोसळली. त्या खाणीला एकच शाफ्ट होता. मधोमध लाकडी पडदी घालून त्याच्या एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर नेली जाई. पडदी उद्ध्वस्त झाली, शाफ्ट बुजला आणि २०४ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी खाणीला दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या करणारा कायदा आला.

ताजी आणि वापरलेली हवा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एअर क्रॉसिंग बांधतात, म्हणजे एका प्रवाहावरून दुसऱ्याला नेणारा बंदिस्त पूल. निरनिराळ्या भागांत हवेची वाटणी करायला स्टॉपिंगमध्ये कमी-जास्त करता येणारी खिडकी ठेवतात, ती रेग्युलेटर. शेवटच्या टप्प्यात, जिथे पक्की भिंत शक्य नसते, तिथे ज्वालारोधक कापडाचा पडदा म्हणजे ब्रॅटिस हवेला कोळशाच्या तोंडापर्यंत, म्हणजे कोळसा फोडला जातो त्या जागेपर्यंत नेतो. यंत्र फिरवताना तो बाजूला सारला जातो आणि पुन्हा ओढून घ्यायचा राहून जातो, तेव्हा मिथेन साचायला फार वेळ लागत नाही.

कोळसा काढून झालेला भाग कायमचा बंद करायची भिंत, म्हणजे सील, हे वेगळेच प्रकरण आहे. तिच्यामागे मिथेन साठतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब बदलला की तो भाग जणू श्वास घेतो. बंद पोकळी एक लाख घनमीटरची असेल आणि वादळापूर्वी दाब एक किलोपास्कलने उतरला, तर सुमारे एक हजार घनमीटर वायू प्रसरणाने फटींतून बाहेर येऊ पाहतो. दाब चढला की उलट हवा आत शिरते. आत शिरणाऱ्या या थोड्या हवेमुळे मागे राहिलेला कोळसा हळूहळू तापतो, कारण ती कोळशाशी संयोग घडवायला पुरेशी असते, पण निर्माण झालेली उष्णता वाहून न्यायला अपुरी पडते. म्हणून सीलमध्ये नमुना घेण्याची नळी बसवतात आणि आतला कार्बन मोनॉक्साइड वाढतो आहे का, हे नियमित पाहतात. सील स्फोटालाही टिकली पाहिजे. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियामधल्या सागो खाणीत बंद भागातल्या मिथेनचा स्फोट झाला आणि हलक्या ठोकळ्यांच्या दहाही सील उद्ध्वस्त होऊन बारा कामगार दगावले. तोवर तिथे सीलने सोसायचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १४ टन मानला जात होता. २००८ च्या नियमाने तो आतला वायू तपासत ठेवला जात असेल तर सुमारे ३५ टन आणि तपासला जात नसेल तर सुमारे ८४ टन केला.

यांतला प्रत्येक बदल, मग ते नवे स्टॉपिंग असो की रेग्युलेटरची खिडकी बोटभर सरकवणे असो, संपूर्ण खाणीची हवा नव्याने वाटतो. एका भागाला मिळालेली जास्त हवा दुसऱ्या भागाची कमी झालेली असते. म्हणून मोठे फेरफार माणसे बाहेर काढून आणि आतली वीज तोडून करतात, नवी भिंत पूर्ण झाल्याखेरीज जुनी पाडत नाहीत, आणि नंतर प्रत्येक भागात वेगमापक व मिथेनमापक घेऊन फिरल्यावर आकडे अपेक्षेप्रमाणे आले तरच वीज पुन्हा जोडून पाळी आत सोडतात.