समन्यायी पाणीवाटप

समन्यायी पाणीवाटप : धरणाचे किंवा उपसा योजनेचे (पंपाने उचलून वर चढवलेले) पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता लाभक्षेत्रातील प्रत्येक कुटुंबाला सारखे मोजून देण्याची पद्धत. भूमिहीनांचाही हिस्सा तीत धरला जातो. सांगली जिल्ह्याच्या खानापूर आणि आटपाडी तालुक्यांत १९८० नंतर या मागणीने चळवळीचे रूप घेतले. तिला पाण्याचा प्रश्न म्हटले जाते. मुळात तो संपत्तीच्या वाटणीचा प्रश्न आहे.

पाण्याने संपत्ती किती बदलते, हे कायद्यानेच मोजून ठेवले आहे. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने (१९६१, पुढे सुधारित) कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर ठेवली, तर बारमाही बागायतीची अवघी १८. म्हणजे पाटाचा एक एकर जिरायतीच्या तीन एकरांबरोबर. सातारा-सांगलीत हा फरक उघड्यावर दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत भागात ५०० च्या आसपास. कृष्णाकाठी कऱ्हाड-वाळव्याला ऊस उभा राहिला, कारखाने आले. पूर्वेकडचा माणूस त्याच उसाच्या तोडीला नाहीतर मुंबईच्या गिरणीत गेला. धरण बांधले जाते सरकारी पैशातून, पाणी मात्र सातबारा बघून सुटते. दहा एकरवाल्याला एकरवाल्याच्या दहापट आणि ज्याच्या नावावर काही नाही त्याला मजुरी. या हिशेबाने पाटबंधारे योजना जुनी विषमता नुसती टिकवत नाही, तिला पाणी घालते.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि लागोपाठचा दुष्काळ यांतून खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर हे तिचे प्रमुख संघटक. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. गावकऱ्यांनी उपसा अडवला आणि मर्यादित वाळू विकून त्याच पैशातून धरण बांधण्याची परवानगी मागितली. ती सहजासहजी मिळाली नाही. अखेर वाळूचा पैसा आणि लोकांचे श्रमदान यांवर तांदूळवाडी आणि बलवडी या दोन गावांसाठी बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याचे पाणी घरटी सारखे, भूमिहीनांनाही, आणि उसाला नाही, असे ठरले. ज्याला जमीन नाही तो पाण्याचे करणार काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. उत्तर साधे आहे. जमीन आहे पण पाणी अपुरे, अशा शेतकऱ्याची जमीन वाट्याने करायची. त्याची जमीन, ह्याचे पाणी. एरवी वाटेकरी नुसते हात घेऊन बोलणीला बसतो, इथे तो भांडवल घेऊन बसतो. सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीने हाच हिस्सा बाईच्या स्वतःच्या नावावर मागितला, कारण कुटुंबप्रमुख म्हणून पाणी पुरुषाच्या नावे लागले की टाकलेल्या बाईला पुन्हा काहीच उरत नाही.

याआधी पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर, पण कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असे माप लावले होते. तिथेही उसाला बंदी होती. मात्र ती पद्धत छोट्या उपसा योजनांपुरती होती.

मोठ्या धरणाच्या पाण्यावर हेच तत्त्व लावण्याचा प्रयत्न आटपाडीत झाला. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिले होते. १९९३ पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि पाटणकर हे या परिषदांचे पुढारी. नायकवडी सातारच्या ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारातले क्रांतिकारक आणि पुढे साखर कारखान्याचे संस्थापक. स्वतःचा परिसर उसाचा असताना पूर्वेच्या पाण्यासाठी ते उभे राहिले, हे नोंदवले पाहिजे. कऱ्हाडजवळ टेंभू इथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने सातारा, सांगली, सोलापूरच्या सुमारे ८० हजार हेक्टरांना देण्याची योजना पुढे आली. आटपाडीकरांनी तीत उघड्या चाऱ्यांऐवजी (शेतापर्यंतच्या छोट्या पाटांऐवजी) बंद नळ मागितले. चारीच्या तोंडाशी असलेल्याचे रान भरून वाहते आणि शेवटचा कोरडा राहतो, हा अनुभव जुना आहे. शिवाय पाणी मोजायचे तर ते नळातूनच नीट मोजता येते.

अंमलात अडचणी आहेत. २००५ च्या राज्य कायद्यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद केली, पण संस्थेतले वाटप अजून जमिनीला चिकटलेले आहे. मोठे बागायतदार विरोध करतात तो केवळ स्वार्थाने नव्हे. धरणात बुडालेल्या गावांचे पुनर्वसन अर्धवट असताना नवे हक्कदार कुठून, असाही त्यांचा सवाल असतो. त्याहून अवघड गोष्ट विजेची. पाणी चढवायला वीज लागते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने उचलला आणि १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला. त्यांची पाणीपट्टी बऱ्याच अंशी साखर कारखान्यांमार्फत उसाच्या बिलातून कापून घेतली जाते. वसुलीला हे सोयीचे, पण त्यामुळे योजनेचा जमाखर्च उसावर उभा राहतो, आणि ज्वारी-डाळिंबवाला किंवा भूमिहीन या हिशेबात दिसतच नाही.