पार्श्वभूमी : मालदीव राष्ट्रकुलात आला, गेला आणि परत आला

१ फेब्रुवारी २०२० रोजी मालदीव राष्ट्रकुलाचा ५४वा सदस्य झाला. खरं तर पुन्हा झाला. सव्वातीन वर्षांपूर्वी याच देशाने आपणहून ही संघटना सोडली होती.

मालदीव ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हता. १८८७ च्या करारानुसार तो संरक्षित प्रदेश होता. परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती, घरचा कारभार सुलतानाकडे. २६ जुलै १९६५ ला तो स्वतंत्र झाला, पण राष्ट्रकुलात गेला नाही. दक्षिणेकडच्या अड्डू प्रवाळद्वीपातल्या गान बेटावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. त्या भागातल्या लोकांनी १९५९ मध्ये वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं आणि ते चार वर्षं टिकलं. या फुटीमागे ब्रिटिशांची फूस आहे, असा संशय राजधानी मालेत होता. अशा अनुभवानंतर ब्रिटनभोवती उभ्या असलेल्या संघटनेत लगेच जावंसं वाटलं नसेल, तर त्यात नवल नाही.

गानचा तळ १९७६ मध्ये बंद झाला. १९७८ मध्ये मौमून अब्दुल गय्यूम राष्ट्राध्यक्ष झाले आणि ९ जुलै १९८२ ला मालदीव राष्ट्रकुलात आला, तोही ‘विशेष सदस्य’ म्हणून. अगदी छोट्या देशांसाठी केलेली ही सोय होती: वर्गणीची सक्ती नाही, पण सरकारप्रमुखांच्या शिखर परिषदेत जागाही नाही. पूर्ण सदस्यत्व १९८५ मध्ये मिळालं. त्या जागेचं मोल दोनच वर्षांत कळलं.

एप्रिल १९८७ मध्ये दूर दक्षिणेकडे उठलेल्या प्रचंड लाटा मालेवर येऊन आदळल्या. भराव घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन वाहून गेली, शेजारच्या हुलहुले बेटावरच्या विमानतळात पाणी शिरलं. जेमतेम दीड-दोन मीटर उंचीच्या बेटावर माणसाने पळून जायचं तरी कुठे? मागे डोंगर नाही, आत सरकायला जमीन नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल परिषदेत गय्यूम यांनी हा प्रश्न मांडला आणि लगोलग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही. राष्ट्रकुलाने हवामानबदल आणि समुद्रपातळी यांवर तज्ज्ञगट नेमला. त्याचा अहवाल १९८९ मध्ये आला. हा विषय तेव्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नव्हता. मालदीवच्या सदस्यत्वाच्या सगळ्या इतिहासात मला हे पान सर्वांत मोलाचं वाटतं.

सुरक्षेची गोष्ट मात्र वेगळी. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री तमिळ सैनिकांनी मालेत बंडाचा प्रयत्न केला, तेव्हा धावून गेला तो भारत. हुलहुलेवर भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले आणि ओलिसांना घेऊन पळणारं जहाज समुद्रात अडवलं, त्या मोहिमेत आपल्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस गोदावरी’ होती. राष्ट्रकुलाकडे फौज नाही. त्याच्याकडे व्यासपीठ आहे, आणि सदस्यांच्या कारभाराकडे बघणारी नजर आहे.

ती नजर पुढे मालदीवकडेच वळली. सदस्य देश लोकशाही मूल्यं पाळतात की नाही, हे पाहणारा परराष्ट्रमंत्र्यांचा एक कृतिगट १९९५ पासून काम करतो. २०११ मध्ये त्या गटात मालदीव स्वतः निवडून आला होता. काही महिन्यांतच, ७ फेब्रुवारी २०१२ ला, राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद पदावरून गेले. आपल्याला बळजबरीने राजीनामा द्यावा लागला, असं त्यांनी सांगितलं. कृतिगटाने मालदीवला गटातून बाजूला ठेवलं आणि त्याचाच विषय पटलावर घेतला. ऑगस्टअखेर चौकशी आयोगाचा अहवाल आला. सत्तांतर कायदेशीर होतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

वाद तिथे संपला नाही. राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांच्या काळात, मार्च २०१५ मध्ये, नशीद यांना दहशतवादाच्या आरोपाखाली १३ वर्षांची शिक्षा झाली आणि जगभरातून टीका झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये कृतिगटाने निलंबनाचा इशारा दिला. १३ ऑक्टोबरला मालदीव सरकारने, आपल्याला अन्यायाची वागणूक मिळते आहे, असं म्हणत सदस्यत्व सोडलं. माझ्या मते तो निर्णय सरकारच्या सोयीचा होता, देशाच्या नव्हे. वाढत्या समुद्राविषयी बोलायची एक हक्काची जागा त्या दिवशी गेली.

सप्टेंबर २०१८ मध्ये इब्राहिम मोहम्मद सोलिह राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि डिसेंबरातच परतीचा अर्ज गेला. दार मात्र लगेच उघडलं नाही. राष्ट्रकुल सचिवालयाने देशातल्या परिस्थितीची पाहणी केली, बाकीच्या सदस्यांचं मत घेतलं. एप्रिल २०१९ च्या संसदीय निवडणुकीला राष्ट्रकुलाचे निरीक्षक हजर होते. हे सगळं पार पडायला वर्षाहून अधिक काळ लागला. या वेळी मालदीव आत आला तो पूर्ण सदस्य म्हणूनच, पण आधी स्वतःची तपासणी करून घेऊन.