दातदुखीतली तातडी

दात किंवा दाढ दुखायला लागली की ते दुखणं चार दिवस थांबू शकतं का, आज-उद्यात डेंटिस्टला दाखवायलाच हवं का, की क्लिनिकचा विचार सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, हे ओळखणं म्हणजे दातदुखीतली तातडी. बहुतेक घरांत ही तातडी किती दुखतंय त्यावरून ठरते आणि गल्लत तिथेच होते. रात्रभर झोपू न देणारा ठणका बऱ्याचदा जिवावरचा नसतो, उलट फारसं न दुखता जबड्याखाली उतरत चाललेली सूज खरंच जिवावर बेतू शकते.

दाताच्या आत मधोमध नस असते, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. भोवती सगळ्या बाजूंनी कडक भिंत, त्यामुळे गाभ्याला सूज आली की तिला पसरायला जागाच नसते, आतल्या आत दाब वाढतो आणि कळ मस्तकात जाते. कीड नसेपासून लांब असेपर्यंत गार पाणी लागलं की सणक येते आणि काही सेकंदांत जाते, हे बहुतेक वेळा सिमेंट भरून भागतं, त्या आठवड्यातली अपॉइंटमेंट चालते. पण गार-गरम लागल्यावर कळ अर्धं मिनिट, मिनिटभर टिकतेय, काही न खाता-पिता ठणकतंय, आडवं पडलं की वाढतंय, असं असेल तर ती नस सहसा वाचत नाही, मग रूट कॅनल नाहीतर दाढ काढणं, आणि त्यासाठी एक-दोन दिवसांत गेलेलं बरं. काही पेशंट तर गार पाण्याची बाटली हातात धरूनच येतात, घोट तोंडात असेपर्यंतच त्यांना बरं वाटतं. नस शेवटच्या टप्प्यात आल्याचं हे लक्षण.

यानंतर जे होतं ते सगळ्यात फसवं. एक दिवस ठणका आपोआप थांबतो आणि माणूस म्हणतो, चला बरं झालं, अपॉइंटमेंट कॅन्सल करतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते, म्हणून कळत नाही, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी तो दात इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावला की दुखतो, हिरडीवर पुळी येऊन पू येतो. पुळी फुटली की पुन्हा आराम पडतो, पण पू तयार होण्याचं कारण आत तसंच असतं.

गाल सुजला, सोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात इतकी खोल जातात की तिथला पू तोंडात न येता जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरू शकतो. दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या या सुजेचं वर्णन 1836 मध्ये जर्मन डॉक्टर लुडविग यांनी केलं, म्हणून तिला लुडविग्ज अँजायना म्हणतात. त्यात जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होत जाते. तोंड दोन बोटंही उघडत नाही, थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, आडवं पडलं की दम कोंडतोय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही, महाराष्ट्रात 108 ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. वरच्या सुळ्याची सूज डोळ्यापर्यंत जाऊन डोळा मिटायला लागला तरी तसंच. डायबेटिस असलेल्यांनी, केमो चालू असलेल्यांनी तर साध्या सुजेलाही थांबू नये, त्यांच्यात इन्फेक्शन भराभर पसरतं.

पडून, मार लागून मोठ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर मात्र घड्याळाकडेच बघायचं. मुळाला हात न लावता दात वरच्या भागाला धरायचा, माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवायचा, घासायचा नाही, जमलं तर जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचायचं. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आणि एक दुखणं दाताचं नसतंच. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबलं की कमी होतं, किंवा जबड्यासोबत घाम, छातीत दडपण येतं, तर ते हृदयाचं असू शकतं, तेव्हा डेंटिस्ट नको, ईसीजी हवा.

घरच्या उपायांत कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि पॅरासिटामॉल ठीक, लवंगेनेही थोडा वेळ बधिरपणा येतो. पण ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरू नये, हिरडी भाजते. मिश्री लावून दुखणं दाबायची सवय आपल्याकडे अजून आहे, त्यात तंबाखू असतो आणि कीड आत वाढतच राहते. सुजेवर बाहेरून गरम शेकही नको. मेडिकलमधून स्वतःच आणलेलं अँटिबायोटिक ठणक्यावर चालत नाही, कारण सुजलेल्या नसेवर ते काम करत नाही, आणि पू झाला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी दोन दिवस दबतो एवढंच. गरोदर बाईने डॉक्टरांना तसं सांगून उपचार घ्यावेत, बाळंतपणापर्यंत दाढ तशीच ठेवणं जास्त धोक्याचं.